चांगुणाच्या लग्नाची कॅसेट

ही घटना सांगोवांगीची नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत घडली तो रहेमान माझ्या वडिलांचा जिवाभावाचा दोस्त, आणि थापा मारणं त्याला कधी जमलंच नाही.

साल १९८७. पावसाळा सरत आलेला. जागा, नाशिकरोडच्या एका वसाहतीतली कुसाबाईंची खोली.

रात्र नव्हती, दुपार होती. म्हणून तर तो जास्त घाबरला.

रहेमान लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. उजेड बदलला की आधी कॅमेऱ्यासमोर पांढरा कपडा धरायचा. मग कॅमेऱ्याला पांढरं काय ते कळतं, रंग बिघडत नाहीत. कुसाबाईंच्या लेकीच्या, चांगुणाच्या, बौद्ध पद्धतीच्या लग्नात घाईगर्दीत तो हे साफ विसरला. पिवळ्या मांडवाखाली नवरीची निळ्या किनारीची पांढरी साडी हळदीत बुचकळल्यासारखी आली.

तेव्हा ते खपून गेलं.

दोन-तीन महिन्यांत चांगुणा सासरी, देवळ्याला, काविळीने गेली.

कुसाबाई कॅसेट घेऊन आल्या.

"शेवटाला लय पिवळी पडली होती ओ पोरगी. हितंबी पिवळीच दिसती. एकदा मला तिच्या रंगात दाखवा, रहेमानभाई. लग्नानंतर घरी आलीच नाय ती. धाडलंच नाय त्यांनी."

रहेमानला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कॉपी काढताना दोन व्हीसीआरच्या मध्ये रंग सुधारायची पेटी जोडायची आणि तिची बटणं फिरवायची. पण दर दृश्याचा उजेड वेगळा. एका ठिकाणी साडी पांढरी झाली की पुढे पुन्हा पिवळी. बटण जुळेपर्यंत चांगुणाचा चेहरा निघून जायचा.

त्याने कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.

आणि...

पहिल्या दृश्याआधी पडदाभर पांढरा कपडा आला.

आधी तो कॅसेटमध्ये नव्हता. त्याला निळी किनार होती. चांगुणाच्या साडीचा पदर होता तो.

 रहेमानने बटणं त्या पदरावर जुळवली. पदर खाली झाला... आणि चांगुणा दिसली. गव्हाळ, हसरी, पांढऱ्याशुभ्र साडीत.

दर दृश्याआधी पदर यायचा. बटणं जुळेपर्यंत थांबायचा.

पाठवणीनंतर कॅसेट संपायला हवी होती.

पदर पुन्हा आला...

त्यावर लालसर उजेड होता. असा उजेड लग्नात कुठेच नव्हता. बटणं पार टोकाला नेली तरी तो लालच राहिला.

दुसऱ्या दुपारी भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन रहेमान कुसाबाईंच्या खोलीत पहिल्यांदाच गेला. आभाळ भरून अंधारलं होतं. बुद्धांच्या तसबिरीपुढे लाल झिरोचा बल्ब जळत होता. भिंती, चटई, सगळं लालसर.

पदरावरचा उजेड हाच होता.

कुसाबाई चटईवर बसून बघत होत्या. "हाच. हाच तिचा रंग," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले.

पाठवणी झाली. लाल पदर आला.

हळूहळू खाली झाला...

पडद्यावर हीच खोली होती. चटईवर पाठमोऱ्या कुसाबाई. शेजारी रहेमान. सगळं दारातून कुणी बघत असावं तसं.

रहेमानने झटकन मागे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

कुसाबाई वळल्या नाहीत. त्या चटईवर थोड्या सरकल्या, बाजूला जागा केली.

"ये गं," म्हणाल्या. "लय उशीर केलास."

कॅसेट त्यांच्याकडेच राहिली. त्यात पुढे काय होतं, हे रहेमानने कधी विचारलं नाही. पण आजही कुणाच्या घरी लाल बल्ब दिसला, की तो दाराकडे पाठ करून बसत नाही.