आठवण येते का?

माणूस गेल्यावर सहा महिन्यांनी, आणि पुढे दर वर्षी, घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर बारा प्रश्न यायचे. तेराव्याच्या जेवणाइतकीच लोकांना त्यांचीही सवय झाली होती. 'आले का हो तुमचे प्रश्न?' असं शेजारीपाजारी सहज विचारत. उत्तरांच्या गुणांची बेरीज तिसाच्या आत राहिली तर माणूस ठणठणीत, वर गेली तर त्याला दीर्घशोक.

दीर्घशोक हा शब्द सरकारी. साधं दुःख ओसरतं, माणूस हळूहळू जेवायला-हसायला लागतो. ज्याचं ओसरतच नाही, त्याला हे नाव. पूर्वी त्यावर औषध नव्हतं, आता निघालं होतं. आठवण ही दगडावरची रेघ नव्हे, असं शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं होतं. ती जागी केली की थोडा वेळ ओल्या मडक्यासारखी मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. नेमकी ती मऊ असताना 'शोकशामक' टोचलं, की तिच्यातली ओढ निघून जाते आणि माहिती तेवढी उरते. बायकोचं नाव, चेहरा, लग्नाची तारीख, सगळं शाबूत राहतं. फक्त जीव कासावीस होत नाही.

मिरजेच्या शोकमापन केंद्रातल्या डॉ. हेमांगी दाबके यांचा संबंध औषधाशी नव्हता, प्रश्नांशी होता. जे मोजायचं तेच हे प्रश्न मोजतात का, की भलतंच काही मोजून मोकळे होतात, हे तपासणं त्यांचं काम. केंद्रात त्यासाठी एक यंत्र होतं. गेलेल्या माणसाचा फोटो दाखवायचा आणि मेंदूत उठणारी ओढ थेट मोजायची. यंत्र भयंकर महाग, ते गावोगाव फिरवणं शक्य नव्हतं. म्हणून काही माणसांना यंत्रातही घालायचं आणि प्रश्नही विचारायचे. दोन्हींचा मेळ बसला की प्रश्नावली खरी.

मेळ बसत नव्हता, आणि घोडं अडत होतं ते चौथ्या प्रश्नाशी. मूळ प्रश्नावली परदेशातली. भाषांतर समितीने चौथा प्रश्न कुणालाही कळेल इतका सोपा करून टाकला होता: 'गेलेल्या व्यक्तीची आठवण येते का?' 'कधीच नाही'ला शून्य गुण, 'सतत'ला चार. आणि यंत्रात ज्यांची ओढ सगळ्यांत जास्त दिसे, तीच माणसं इथे बेधडक 'कधीच नाही' लिहीत होती.

हेमांगीला अशी विसंगती दिसली की घास गोड लागत नसे. त्यातून या विसंगतीमागे एक मरण होतं. तासगावकडच्या हौसाबाई चव्हाणांचा तरणा मुलगा गेला. त्यांची बेरीज तिसाच्या जेमतेम आत आली, केंद्राने त्यांना ठणठणीत ठरवलं, आणि हौसाबाईंनी हळूहळू अन्न सोडून प्राण सोडला. चौथ्या प्रश्नाला त्यांनीही 'कधीच नाही'च लिहिलं होतं.

यंत्रात सर्वांत मोठी ओढ निघाली विश्राम कुंभोजकरांची. त्यांचं गावात चष्म्याचं दुकान. बायको कुमुदिनी जाऊन चार वर्षं झाली होती. दाढी वाढलेला, खंगलेला माणूस भेटेल अशा तयारीने हेमांगी दुकानात गेली. गल्ल्यावर बसला होता पोट सुटलेला, गप्पिष्ट गृहस्थ.

"या, मॅडम. नंबर तपासायचा, का मला तपासायचं?"

"तुम्हालाच."

इतक्यात शेजारच्या कापड दुकानदाराने जेवायला हाक मारली. विश्रामरावांनी बसल्या जागेवरून विचारलं, "दोडका हाय का डब्यात? मग नको बाबा. हिला वास सोसत न्हाई."

"सोसत नाही?" हेमांगी म्हणाली. "त्या जाऊन चार वर्षं झाली ना?"

"मग? नाक बदललंय का तिचं?" विश्रामराव हसले. "दोडका चुलीवर चढला की ही अंगणात. मी दोडका खायचा सोडला, त्यालाबी आता तीस वर्षं झाली."

हेमांगी मुद्द्यावर आली. "चौथ्या प्रश्नाला तुम्ही 'कधीच नाही' लिहिलंय. कुमुदिनीताईंची आठवण खरंच येत नाही?"

"न्हाई."

"कधीच?"

"अहो, आठवण यायला माणूस आधी विसरायला नको का? शाळेतल्या मास्तरांची येती. मावशीची येती. हिची कशी येईल? ही डोक्यातनं गेलीय कुठं?"

हेमांगीला स्वतःचं उत्तर आठवलं. तिची आई गेली तेव्हा ती शिकत होती. बेरीज वर गेली होती, तिने शोकशामक घेतलं होतं. पुढच्या खेपेला तिने चौथ्या प्रश्नाला 'कधीकधी' लिहिलं, तेव्हा घरादाराला हायसं वाटलं होतं.

"हा प्रश्न मला बदलावा लागेल," ती म्हणाली. "पण तो बदलला की तुमची बेरीज तिसाच्या वर जाईल." आणि तिने हौसाबाईंची हकीकत सांगितली. विश्रामरावांनी हातातला चष्मा खाली ठेवला.

"मग बदला की. चुकीच्या नंबरचा चष्मा दिला आणि गिऱ्हाईक विहिरीत पडलं, तर दोष कुणाचा? माझं काय घेऊन बसलाय? मी औषध घेणारच न्हाई. जबरदस्ती हाय का?"

"जबरदस्ती नाही," हेमांगी म्हणाली.

ते शब्दशः खरं होतं. कुणाला दंडाला धरून नेत नसत. मात्र दीर्घशोकी माणसाचे निर्णय त्याचा शोकच घेतो, असं कायदा धरून चालत असे. म्हणून संमतीची सही मागितली जाई जवळच्या नातेवाइकाकडे. हेमांगीला तो नियम पाठ होता. तिने तो सांगितला नाही, कारण हा माणूस 'नको' म्हणाला असता तर प्रश्न बदलताना तिचा हात अडला असता. हौसाबाईंसारख्या आणखी किती असतील, असं स्वतःला बजावत ती केंद्रात परतली.

नवा प्रश्न तयार झाला: 'गेलेली व्यक्ती मनातून क्षणभरही हलत नाही, असं होतं का?' मेळ असा बसला की दिल्लीहून अभिनंदन आलं. खरोखरच माणसं वाचू लागली. अंथरुणाला खिळलेल्या बायका उठून भाकरी थापू लागल्या. त्याचा हेमांगीला मनापासून आनंद झाला, तो खोटा नव्हता.

नव्या प्रश्नाने विश्रामरावांची बेरीज तिसाच्या वर गेली आणि पुण्याला त्यांच्या मुलीला निरोप गेला. चष्मेवाल्याची मुलगी, म्हणून नाव सुनेत्रा. तिने हेमांगीला फोन केला.

"मॅडम, बाबा आईशी बोलतात. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मी इतक्या लांब, मला रात्रंदिवस घोर. औषधाने बरं वाटेल ना त्यांना?"

हा माणूस सुखात आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, हे शब्द हेमांगीच्या ओठांवर आले होते. पण सुख मोजणारा प्रश्न त्या बारांत नव्हता. "बरं वाटेल," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

सुनेत्रा आली, सही केली, रडली. बाप कायद्यापुढे वाकला नसता, लेकीच्या रडण्यापुढे वाकला.

तीन महिन्यांनी फेरतपासणीसाठी हेमांगी दुकानात गेली. यंत्राचा निकाल तिच्याजवळ होता: ओढ नाही. विश्रामराव तसेच गप्पिष्ट, तसेच हसरे होते. तुलनेसाठी जुनेही प्रश्न विचारायचा नियम होता. चौथ्यापाशी येताना तिचा आवाज जरा खाली गेला.

"गेलेल्या व्यक्तीची आठवण येते का?"

"येती की!" विश्रामराव खुशीत म्हणाले. "परवाच आली. तिच्या भाचीची पत्रिका आली ना, तवा. बाई चांगली होती हो. आधी बघा, कधीच यायची न्हाई. आता येती मधनंमधनं. म्हंजे सुधारणाच म्हणायची!"

हेमांगीने उत्तर नोंदवलं. जुन्या हिशेबाने त्यांचा या प्रश्नाचा एक गुण वाढला होता.

जेवायची वेळ झाली होती. विश्रामरावांनी आग्रहाने डबा पुढे सरकवला. "घ्या, घरची भाजी हाय. दोडका. काय सुरेख लागतो! इतकी वर्षं का खाल्ला न्हाई, कोण जाणे."

"कुमुदिनीताईंना वास सोसत नव्हता," हेमांगी म्हणाली.

"हां, बरोबर. न्हवता सोसत." त्यांनी मान डोलावली आणि घास घेतला. माहिती अगदी शाबूत होती.

मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमचं कोण गेलंय का, मॅडम?"

"आई."

"येती का आठवण?"

"कधीकधी," हेमांगी म्हणाली, आणि तिने भाजी वाढून घेतली.