दिवेलागणीचा मिस्ड कॉल

"नव्यानं आलेल्या एका बाईचा कॉल तुझ्याकडं लावायचा इचार हाय," दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. "जमत नसंल तर दुसऱ्याला देते. पण कुणाचा हाय आन् कुणाकडं गेला, एवढं तरी इचारून ठेव बाई. न्हाई तर एक दिवस उगी जिवाला घोर लागंल."

आकांक्षा तेव्हा हसली होती. कडेवर गार्गी किरकिरत होती, गॅसवर दूध उतू चाललं होतं. "द्या हो कुणालाही. त्याच वेळेला हिचा डोळा लागतो, अन् फोन वाजला की टक्क उघडतो. मला तर नावसुद्धा सांगू नका."

घनसावंगीतली 'सोबतीण' ही एकट्या बायकांची संस्था. कुणी विधवा, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणी लग्नच न केलेली. चालवणाऱ्याही त्यांच्यातल्याच. दुर्गाबाई अध्यक्ष; आकांक्षा घटस्फोट घेऊन, लेकीला पोटाशी धरून माहेरी आलेली, शिकलेली म्हणून सचिव. संस्थेचं शिवणकाम होतं, कोर्टकचेरीची मदत होती, पण खरा जीव होता तो साखळीत. दिवेलागणीला प्रत्येकीनं पुढच्या बाईला एक मिस्ड कॉल द्यायचा. उचलायचा नाही. एक रिंग म्हणजे, मी बरी आहे. आणि रिंग आली नाही तर? दुर्गाबाईंचा नियम सगळ्यांना पाठ होता— "इचार करत बसायचं न्हाई. चप्पल घालायची."

चपलेवरूनच तर अवधूत भेटला होता.

कापूस वेचणीचे दिवस. अंबडहून येणारी काळीपिवळी जीप माणसांनी ठासून भरलेली. आकांक्षा दाराशी अंग चोरून बसलेली, आणि गार्गीनं पाय झाडला तशी तिची इवलीशी लाल चप्पल भुर्रकन बाहेर. एका चपलेसाठी कोण गाडी थांबवतं? पण आरशातून दोन डोळ्यांनी ते पाहिलं होतं. जीप थांबली, वळली, आणि मागं निघाली.

"अवधूत, अरे कुठं चालला? जल्दी हाय आम्हाला," मागून एकजण ओरडला.

"बाईसाहेबांची चप्पल राह्यली," तो म्हणाला. चप्पल शर्टाला पुसून त्यानं गार्गीच्या पायात घातली. मग आकांक्षाकडं पाहिलं… जरा जास्तच वेळ. "दुसरी पण पाडून घ्या. म्हणजे परत भेट होईल."

पुढं 'सोबतीण'च्या गावोगावच्या बैठकांना त्याचीच जीप ठरली. तो तिला मॅडम म्हणायचा, पण त्या मॅडममध्ये एक लाडीक हेल असायचा. ती पुढं बसली की काचेवर लिंबू-मिरचीशेजारी शेवंतीचं एखादं फूल असायचं. "हे कुणासाठी?" ती विचारायची. "गाडीसाठी," तो म्हणायचा. "गाडी आज लई नटून राह्यली."

एकदा पोळलेली बाई ताक फुंकून पिते. आकांक्षा तर पाणीही फुंकायची. नवऱ्याच्या फोनवर अशीच एक रिंग यायची आणि तुटायची… तिथूनच तिचा संसार उसवत गेला होता. म्हणून संध्याकाळी जीपमधला अवधूतचा फोन उजळला तेव्हा तिची नजर आपसूक पडद्यावरच्या नावाकडं गेली.

प्रेमला.

एक रिंग. तुटली. अवधूत स्वतःशीच हसला आणि फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. प्रेमलाला ती ओळखत होती. अंतरवालीच्या पुढं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याशेजारच्या घरात, एकटी राहणारी, नुकतीच संस्थेत आलेली तरुण विधवा. काळीभोर, तुकतुकीत, हसली की आख्खी बैठक उजळून टाकणारी. तिच्या काळेपणावरून सासरच्यांनी तिला काय काय ऐकवलं होतं, ते आकांक्षानंच तिच्याकडून ऐकून घेतलं होतं. तेव्हा तिनं प्रेमलाचा हात हातात धरला होता. आता तिला तोच हात स्टिअरिंगजवळ दिसायला लागला.

"प्रेमलाला परवा तुम्हीच सोडलं का घरी?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो. वाट लई खराब हाय तिकडची."

"खराब वाट बरी आठवते तुम्हाला."

"मॅडम, आज चहात मिरच्या टाकल्या का कुणी?"

सगळ्या तालुक्यातल्या मिस्ड कॉलचा अर्थ तिला कळायचा. साखळीत पुरुष नसतात, म्हणून हा एक तेवढा कळला नाही.

गार्गीच्या वाढदिवसाला तिनं त्याला घरी चहाला बोलावलं. आई-वडिलांसमोर, उजळ माथ्यानं. फक्त एक अट घातली. "फोन बंद करून यायचं. एक संध्याकाळ आमची."

तो थबकला. "बंदच करायचा?"

"जड जातंय?"

"तुम्ही म्हणता म्हणजे… काही विचार केला असंल," असं म्हणत त्यानं फोन बंद केला. येताना त्यानं नव्या लाल चपला आणल्या होत्या, एक माप मोठ्या. गार्गी त्या घालून घरभर फटफट नाचत होती. आईनं शेवयांची खीर वाढली. बाहेर अवकाळी पावसाची रिपरिप सुरू झाली, देवापाशी दिवा लागला, आणि अवधूतचा चमचा वाटीतच थांबला. त्यानं दाराकडं पाहिलं. मग खिशाकडं. मग परत दाराकडं.

आकांक्षानं ते पाहिलं. "प्रेमलाची आठवण येतेय?"

"तुम्हाला माहीत हाय?" त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बरं झालं. दुर्गाबाई म्हणल्या होत्या, मॅडमला बोलू नको, त्यांना वाटंल आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. पण आज तिचा कॉल कुणाकडं वळवला तुम्ही?"

"वळवला म्हणजे…?"

"तुमच्याकडं यायचा होता ना तो. गार्गी उठती म्हणून मी घेतला. आखाडा लांब, अडीनडीला गाडी पाहिजे." तो बोलता बोलता उभा राहिला. "मॅडम, कुणाकडंच न्हाई का तो आज?"

आकांक्षाच्या हातातली वाटी खाली आली. त्यानं फोन सुरू केला. मिस्ड कॉलचा एकही निरोप नव्हता. प्रेमलाला लावला. रिंग जात राहिली, जात राहिली… कुणी उचललं नाही.

"आई, गार्गीला घे," म्हणत आकांक्षानं चप्पल घातली.

चिखलात जीप घसरत होती. वायपर करकरत होता.

"मला वाटलं, तुमचं अन् तिचं…" ती शेवटी म्हणाली. पुढचं तिला बोलवेना.

"काय?" त्यानं गिअर बदलला. मग त्याला उमगलं. "बिलकुल न्हाई. म्हणजे… तुम्ही जळत होत्या?"

"रस्ता बघा."

"रस्ताच बघून राह्यलो. ते एवढे दिवस चहात मिरच्या—"

"तिला काही झालं असेल ना, अवधूत, तर मी स्वतःला…"

त्यानं एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या थंडगार बोटांवर ठेवला. क्षणभरच. वाट खरंच खराब होती.

आखाड्यावर दिवा नव्हता. गोठ्याशेजारच्या ओल्या फरशीवर प्रेमला पाय धरून बसली होती. घोटा सुजून टम्म झालेला, फोन आत घरात. शेळी तिच्या अंगाला चिकटून उभी.

"आलात व्हय," ती म्हणाली. दात थडथडत होते, तरी हसली. "शेळीला कवाचं सांगून राह्यले, येतीलच म्हणून. तिचा भरोसाच न्हाई."

आकांक्षानं आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला घट्ट धरलं. इतकं घट्ट की प्रेमलाच कण्हली. "ताई, पाय मोडला न्हाई, तुम्ही बरगड्या मोडाल."

"चुकलं माझं, प्रेमला."

"ते राहू द्या. ह्या माणसाचं आधी काहीतरी करा. गाडीत बसलं की मॅडमला काय आवडतं, मॅडम जेवल्या का… माझे कान किटले. इचारून टाक म्हणलं, तर म्हणतो, त्या न्हाई म्हणल्या तर गाडीत कोण बसंल?"

अवधूत कंदील शोधायच्या निमित्तानं आत पळाला.

डॉक्टरकडून पट्टी बांधून प्रेमलाला दुर्गाबाईंकडं पोचवलं, तोवर पाऊस ओसरला होता. जीप आकांक्षाच्या दारात थांबली. ती उतरली नाही.

"उद्यापासून प्रेमलाचा कॉल माझ्याकडं," ती म्हणाली. "गार्गी उठली तर उठू दे."

"बराबर. आन् माझा फोन? त्याला सवय झाली दिवेलागणीची."

तिनं काचेजवळचं ओलसर फूल उचललं, केसांत खोवलं. "मी करीन ना. पण एका रिंगवर तोडणार नाही… उचला."

तर वाचणाऱ्या ताई, तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, दूर कुठंतरी एकटी राहणारी. दिवे लागायची वेळ झाली की तिला एक फोन करा. आणि तिनं नाही उचलला, तर विचार करत बसू नका. चप्पल घाला.