फिलोमीनने नदीला तंबाखू दिली नाही

चहा ओतून घ्या आणि ते फोन खिशात घाला. आपल्या या उत्तरेत उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत उजेड असतो, तेव्हा असली गोष्ट सांगितली तर तुम्ही दात काढणार. आता ऑगस्ट सरलाय, तंबूबाहेर नीट काळोख आहे, म्हणून सांगतो. खोटं वाटलं तर फिलोमीनला जाऊन विचारा. ती उत्तर द्यायच्या आधी तुम्हाला लाकडं फोडायला लावेल, हे मात्र लक्षात ठेवा.

फिलोमीन माझ्या बहिणीची मुलगी. तीन वर्षांपूर्वीची, एकोणीस जूनची गोष्ट. काम तसं साधं होतं. वरच्या शिकारतळावर विमानाने पीठ, चहा, काडतुसं पोचवायची आणि तिथलं मूसचं, त्या थोरल्या हरणाचं, सुकं मांस होडीत भरून नदीने गावात आणायचं. तिचा धाकटा भाऊ अल्फोन्स वारला त्याला वर्ष होत होतं, मांस हवं होतं ते त्याच्या नावाच्या जेवणासाठी. जेवण दुसऱ्याच दिवशी होतं.

अल्फोन्स याच नदीच्या घळीत बुडाला. तो पुढे बसला होता, ती मागे. घळीत शिरण्याआधी आपण पाण्याला चिमूटभर तंबाखू देतो. तिला वाटलं, त्याने दिली. त्याला वाटलं, ताईने दिली. पहिल्या लाटेवर दोघांनी एकदमच विचारलं, "दिलीस ना?" तोवर उशीर झाला होता. ती काठाला लागली. तो सापडलाच नाही. गावाने पांढऱ्या कुंपणाची कबर केली, पण आत पुरायला काही नव्हतं.

"पोरी, या खेपेला मूठभर दे," विमानात चढताना मी तिला बजावलं.

"एक काडीसुद्धा देणार नाही, मामा. माझा अख्खा भाऊ घेऊन बसलीय ती. आता तिने द्यायचं. पुरायला काहीतरी घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

"निदान पुढे बसायला कोणाला तरी ने."

"पुढची जागा अल्फोन्सची आहे."

अशा बाईपुढे काय डोकं फोडणार? मला तिचा राग आला होता. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला होता.

रात्री अकरा वीसला ती घळीच्या तोंडाशी पोचली. वर डोंगरावर ऊन होतं, घळीत मात्र अंधारून आलं होतं. तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नदीला मोठ्याने सांगितलं, "तंबाखू नाही! काय करायचं ते कर."

पहिल्या उतारावर होडीत घोटाभर पाणी आलं. तिने दाद दिली नाही. दुसरं वळण आलं, आणि होडीचं नाक खाली गेलं. कोणीतरी पुढे येऊन बसल्यासारखं.

बैठकीवर कोणी नव्हतं.

"डावीकडे..."

आवाज अल्फोन्सचा. पुढे बसणारा खडक बघून ओरडतो, तसाच.

तिचे हात थांबले. बुडालेली माणसं आपल्याच माणसांना बोलावतात, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. डावीकडे नुसता फेस होता. उजवीकडे पाणी गुळगुळीत...

"डावीकडे, ताई..."

"हा तोच असेल तर ऐकते!" ती नदीवर ओरडली. "तू असशील तर याद राख!"

वल्हं मारलं. डावीकडे.

फेस... डोक्यावरून पाणी... काही दिसेना...

मग उजवीकडे दिसलं. गुळगुळीत पाण्याखाली एक अख्खं झाड आडवं अडकलेलं. फांद्या तिच्याकडे. तिकडे गेली असती तर...

...

मग पाणी शांत झालं. होडीचं नाक हळूच वर आलं.

पहाटे चारला होडी मीच काठावर ओढली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं, मांसाची गाठोडी चिंब, होडीत घोटाभर पाणी. पुढच्या बैठकीवर चिमूटभर तंबाखू होती.

कोरडी.

मी बोटांत घेऊन वास घेतला. अल्फोन्स तंबाखूत कसलीशी डोंगरातली पानं मिसळायचा. त्या वासाला अख्खं गाव नावं ठेवायचं.

फिलोमीनने वास घेतला. वर्षभर न रडलेली बाई माझा दंड धरून रडली. मग डोळे पुसले आणि नदीकडे वळली.

"बघितलंस? अजून माझ्याच होडीत बसतो तो."

ती चिमूट मी रुमालात बांधली आणि त्याच दुपारी आम्ही ती पांढऱ्या कुंपणाच्या आत पुरली. सगळं गाव होतं. फिलोमीन नदीला अजूनही तंबाखू देत नाही, आणि तिला दे म्हणायची माझी तरी छाती नाही.

रुमाल तेवढा माझ्याकडे राहिला. तीन वर्षांत किती वेळा साबणाने धुतलाय, माझ्या बायकोला विचारा.

हा घ्या. नाकाशी धरा.