बाळाची आई आत आहे!

"बाळ आता तुझंच समज!" सासूबाईंनी दुपट्यात गुंडाळलेला तो इवलासा जीव थोरल्या सुनेच्या ओटीत ठेवला आणि डोळे पुसले...

थोरलीच्या काळजात लक्कन हललं. ज्या सुखापायी तिनं वर्षानुवर्षं टोमणे गिळले, ते अतिदक्षता विभागाच्या दारातल्या बाकावर असं चालून यावं! आणि काचेपलीकडे धाकटी जाऊ, याची आई, एकेका श्वासासाठी झगडत असताना... बाळानं तिचं बोट घट्ट धरलं. क्षणभर वाटलं, घ्यावं. मग तिला स्वतःचीच किळस आली.

"आई, याची आई जिवंत आहे अजून!"

"शंभरात सत्तर जणी जातात, असं डॉक्टरीणबाईच संगणकात बघून म्हणाल्या ना? संगणक खोटं सांगेल का?"

धाकटीचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. तो आकडा ऐकल्यापासून तो आत फिरकलासुद्धा नव्हता. बायको श्वास घेत असताना हा गृहस्थ विधुर होऊन मोकळा!

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळाला घेऊन ती तडक डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"सत्तर म्हणजे काय, नीट सांगा. घरात बाळाची वाटणी झाली!"

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "तो हिशेब सगळ्याच रुग्णांवरून बसवलाय. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरही काही दिवस नाडी, श्वास मुळातच वाढलेले असतात. संगणक तेही आजारात धरतो, म्हणून बाळंतिणींचा धोका फुगवून दाखवतो. धोका आहे, पण तेवढा नाही. औषधं लागू पडतायत. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवंच होतं!" थोरली कडाडली. "तुमच्या अर्ध्या बोलण्यावर तिला जिवंतपणी घरातून वजा केलं यांनी!"

बाहेर येऊन तिनं दिराला दंडाला धरून उठवलं. "भावजी, आत जा. तिचा हात धरा. रडायचं तर तिथं रडा!"

तो गेला... आणि मग रोज जात राहिला.

घशातली नळी निघाली त्या दिवशी थोरलीनं बाळ धाकटीच्या छातीशी ठेवलं. तिला ते सोडवत नव्हतं, तरी ठेवलं.

"ताई..." धाकटीनं बाळाच्या जावळावरून बोट फिरवलं. "कुणी सांभाळलं हो याला?"

"आम्ही सगळ्यांनी. आईंनी तर जास्तच. तुझी वाट बघत होतो."

दाराशी सासूबाईंना हुंदका आवरेना. थोरली बाहेर येताच त्यांनी तिला मिठीच मारली. "पोरी, तुझ्या जागी मी असते ना, तर दिलं नसतं गं परत!"

रिकाम्या झालेल्या हातांनी थोरलीनं त्यांना सावरून बाकावर बसवलं.