सातव्या खिडकीचं माप

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यातला एकही शब्द पदरचा नाही. चाळीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काढली. वेष्टनावर छापलंय तेवढंच खरं मानणारा मी माणूस.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. थंडीचे दिवस, पण बाहेर लख्ख ऊन होतं.

बायको जाऊन दहा महिने झाले होते. न्यूमोनिया झाला होता तिला.

आमच्या खिडक्या जुन्या, लाकडी, एकेरी काचेच्या. फटींतून वारा यायचा. ती वर्तमानपत्राच्या घड्या करून फटींत कोंबायची. “अहो, खिडक्या बदलून घेऊ या,” दर थंडीत म्हणायची.

मी म्हणायचो, बघू. अकरा वर्षं.

ती गेल्यावर मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. जेवायचो, झोपायचो, उठायचो.

शेवटी मुलीनंच खिडक्यांचं मनावर घेतलं. “बाबा, हीटर दिवसभर चालू आणि सगळी ऊब बाहेर. अख्खी गल्ली तापवायचा ठेका घेतलाय का तुम्ही?”

मी बरं म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणायचो.

माप घ्यायला आलेला माणूस चाळिशीचा, बोलका होता. त्यानं टेबलावर काचांचे नमुने मांडले. एकात दोन काचा आणि मध्ये हवाबंद पोकळी. दुसऱ्यात तीन काचा, दोन पोकळ्या.

“दोन काचांनी भागेल ना?” मी विचारलं.

“आरामात. घरात कोणी आजारी असेल, तर तीन घ्या.”

“आजारी कोणी नाही.”

तो टेप घेऊन आत गेला. मी चहा ठेवला.

मागच्या खोलीतून टेपचा आवाज येत होता. खर्रर्र... मग सट्‌कन परत. मध्येच तो कोणाशी तरी बोलत होता. हसलासुद्धा.

फोनवर असेल, असं मला वाटलं.

बाहेर येऊन त्यानं कागद पुढे केला. “झालं, काका. सात खिडक्या.”

“सहा.”

“सात आहेत. मागच्या खोलीत दोन.”

“तिथे एकच आहे.”

त्यानं कागदावर बोट ठेवलं. सातवी खिडकी. रुंदी एकशेवीस सेंटिमीटर, उंची एकशेपस्तीस. पुढे लिहिलं होतं... तीन काचा.

“हे कोणी सांगितलं?”

“काकूंनी. टेपचं दुसरं टोकही त्यांनीच धरलं. म्हणाल्या, पलंगामागची खिडकी आहे, इथे गारवा सोसत नाही.”

मी कप खाली ठेवला. मागच्या खोलीत गेलो.

एक खिडकी.

तिच्या पलंगामागे नुसती भिंत. पलंग रिकामा. चादर मी घातली होती तशीच, एक सुरकुती नाही.

तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग त्यानं गिलाव्यावर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

“काका, मी इथेच...”

“चहा गार होईल,” मी म्हणालो.

त्यानं चहा घेतला नाही. मी कागदावर सही केली. सात खिडक्यांवर. का केली, ते आजही सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी खिडक्या आल्या. माप घेणारा आला नाही, दुसरेच दोघे आले. दुपारपर्यंत त्यांनी सहा बसवल्या.

“ही कुठे लावायची?”

मी पलंग सरकवायला लावला. सातवी त्या भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ठेवली आणि गेले.

मग घर शांत झालं.

रस्त्यावरची बस नाही. शेजारचं कुत्रं नाही. मी खुर्चीत बसून होतो. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला.

मग... आणखी एक.

माझा नव्हता. मी माझा रोखून बघितला.

मागच्या खोलीत गेलो. सातव्या खिडकीच्या काचेतून भिंतीचा गिलावा दिसत होता. आणि काचेवर वाफ धरली होती. लहानसा गोल, तोंडासमोर काच धरली की श्वासानं उमटतो तेवढा.

मी बाहीनं पुसला. जाईना.

वाफ भिंतीकडच्या बाजूला होती.

ती विरली. पुन्हा आली. विरली. पुन्हा आली...

या नव्या खिडक्यांच्या पल्ल्याला मूठ असते; ती खाली असली की खिडकी बंद, आडवी केली की उघडी. मी मूठ आडवी केली आणि पल्ला ओढला.

गार वारा आला. गिलाव्यातून. ओल्या वर्तमानपत्राचा वास आला. आणि अगदी जवळून, साध्या आवाजात...

“अहो.”

राग नव्हता त्यात. चष्मा कुठे ठेवलाय विचारताना हाक मारायची, तशीच हाक.

मी पल्ला लोटला. मूठ खाली केली.

तिथेच उभा राहिलो. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. पाय गार पडलेत, एवढंच कळलं.

रविवारी मुलगी आली. “हे धूड परत का नाही पाठवत?” म्हणत तिनं खिडकी सरकवायला हात लावला, आणि थांबली.

“बाबा, काच कोमट आहे.”

“ऊन येतं.”

“इथे ऊन येत नाही, बाबा.”

ती लवकरच निघाली. तेव्हापासून रोज फोन करते, माझ्याकडे राहायला या म्हणते. मी गेलेलो नाही.

रोज सकाळी मी मूठ बघतो. आतापर्यंत चार वेळा ती आडवी सापडली. मूठ फक्त खोलीच्या बाजूला आहे, भिंतीकडच्या बाजूला नाही. आणि घरात मी एकटाच असतो.

चारही वेळा मी ती खाली केली.

आज सकाळी पाचव्यांदा आडवी होती. आता दुपारचे दोन वाजलेत. अजून मी तिला हात लावलेला नाही.