पहिली सभा संपल्यावर

चैत्र लागायच्या आधीची गोष्ट. रेडिओचे सेल आणायला मी सावली गावात आरिफभाऊंच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी सेल दिले आणि एक नवा डबाही पुढं सरकवला. उपग्रहावरून गाणी पकडणारा रेडिओ.

"वर्षाचे अठराशे लागतात, पण चौबीस घंटे चालते. जाहिरात नाई, खरखर नाई. चार दिवस वापरून पाहा. तुमच्या मोहावर कामाचा हाय."

मोहावर, म्हणजे जंगलात मोहाची फुलं वेचायला जाताना, आम्ही रेडिओ शौकासाठी नेत नाही. फुलं वेचताना माणूस वाकतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून कोणीतरी सतत हाका मारत राहायचं. माझा आवाज लहानपणापासून तोंडातच राहतो. शाळाही त्यापायीच आठवीत सुटली. म्हणून मी रेडिओ वाजवायचो. अडचण एकच. फुकटच्या रेडिओची पहिली सभा, म्हणजे सकाळचे कार्यक्रम, साडेनऊला संपते आणि दुसरी बाराला लागते. मागच्या वर्षी त्याच मधल्या वेळात माझ्या मावशीला वाघानं नेलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रेडिओ निघाले. नवा माझ्या हातात, जुना मायच्या टोपलीत.

"आभाळातल्या गाण्याले पैसे देते का बे?" लटारूकाका म्हणाले. "आमचा फुकटात धानाचा भाव सांगते."

"तुमचा साडेनऊले झोपते, काका," मी हळूच म्हणालो.

"अन् तू कवा जागा होते?"

सगळे हसले.

साडेनऊला जुना नुसता खरखरू लागला. नवा स्वच्छ गात होता. मी काकांकडं एकदा बघूनही घेतलं. मग माय नाल्याकाठच्या मोहाकडं गेली, तिच्यामागं मी. तिथं बांबूची जाळी डोक्यावर मिटलेली. आभाळ झाकलं, आणि नवा रेडिओ गाण्याच्या मध्येच गप्प झाला.

मी त्याचा अँटेना इकडं फिरवला, तिकडं फिरवला. मोहाचा गोड वास होता, त्यात आता दुसरा मिसळला. उग्र, ओला. वानरं एकदा खेकसली आणि थांबली. माय वाकलेली, पाठ बांबूकडं. बांबूत पिवळं काहीतरी जमिनीला टेकून पुढं सरकलं.

मला ओरडायचं होतं. आवाज तोंडातच राहिला.

टोपलीतल्या जुन्या रेडिओची खरखर थांबली आणि आतून कोणीतरी बोललं.

"माय... उभी राह."

माय ताडकन उभी राहिली, मागं वळली. दहा पावलांवर वाघ होता. त्यानं कान मागं पाडले.

"लटारूकाका..." टोपलीतला आवाज सावकाश म्हणाला. मध्येच खोकला. "देवाजी... रीना..."

आमच्याच माणसांची नावं. मी त्याच्यामागून म्हणू लागलो. पहिलं नाव पुटपुटलो, दुसरं मोठ्यानं, तिसरं नाल्यापलीकडं आदळून परत आलं. चारी बाजूंनी ओ यायला लागली. माणसं काठ्या आपटत धावली. वाघ एक पाऊल मागं सरला, मग वळला आणि जाळीत गेला.

त्या दिवशी आम्ही भरल्या टोपल्या घेऊन, ढोल वाजवत गावात शिरलो. "एवढा आवाज कुठी लपवला होता बे?" काका मला खांद्याला धरून दहादा विचारत होते. तेव्हापासून हाका मीच मारतो. हंगाम संपला, एकही माणूस कमी झालं नाही.

नवा रेडिओ मी आरिफभाऊंना परत केला.

"काऊन, कामाचा नाई निघाला?"

"चांगला हाय, भाऊ. घरात ऐकाले घ्यावा असाच. पण त्याले आमची नावं माहीत नाई."

माय म्हणते, तो आवाज माझाच होता. फक्त म्हातारा. ते ऐकून मला फार आनंद झाला. म्हणजे मी म्हातारा होणार, वाघ मला नेणार नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. वाघ गेल्यावर बायकांनी तिला पाणी पाजायला बाजूला नेलं आणि मी टोपली उचलली, तेव्हा आतल्या आवाजानं अजून एक नाव घेतलं. दीपिका. थांबला. पुन्हा घेतलं, जरा घाबरून. आमच्यात त्या नावाचं कोणीच नाही. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली, तरी ओ आली नाही; नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

परवा माय माझ्यासाठी एटापल्लीकडची एक मुलगी बघून आली. तिला फार पसंत आहे.

नाव मी अजून विचारलेलं नाही.