बरगड्यांची चांदणी

“छत्री अर्धीच उघड, अर्धीच!” टिकली स्टुलावरून ओरडली.

“अर्धीच उघडलीय!” खालून तिचा धाकटा भाऊ भुंगा म्हणाला.

“ही पूर्ण आहे!”

“मग ही अर्धी होत नाही. ही एक तर उघडते, नाही तर चावते!” भुंग्याने चिमटलेलं बोट तोंडात घातलं.

छत्रीवर कापड नव्हतं. ते दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. उरला होता तारांचा सांगाडा. तो अर्धवट उघडून उभा केला की थेट नाताळचं झाड दिसतं, हा शोध तळमजल्यावरच्या कात्रीमावशींचा. त्या निवृत्त चित्रकला-शिक्षिका होत्या आणि इमारतीतल्या प्रत्येक घराकडे त्या बाराही महिने “इथे काय टांगता येईल?” अशाच नजरेने बघायच्या. यंदा इमारतीत नाताळच्या सजावटीची स्पर्धा होती. परीक्षण आज संध्याकाळी सहा वाजता. बाजारातून काही आणायचं नाही, टाकाऊ वस्तू वापरायच्या. त्यामुळे टिकलीच्या छत्रीला कुलपं हरवलेल्या किल्ल्या, वाकलेले चमचे आणि काकांच्या कोटाची सात बटणं लटकत होती. काकांना बटणांचं अजून कळलं नव्हतं.

“स्पर्धेचे नियम चौदा आहेत,” सोफ्यावरून वकील म्हणाला. वकील शेजारच्या घरातला, वय वर्षं तेरा. वादात हरल्याचं त्याच्या आईला आठवत नव्हतं. ते चौदाही नियम वाचलेला इमारतीत तो एकटाच. ज्यांनी ते लिहिले त्या अध्यक्षकाकांनीही ते परत वाचले नव्हते.

एवढ्यात आतल्या खोलीतून धाडकन आवाज आला. काका कपाटातून काहीतरी काढत होते. काढत होते म्हणजे पाडत होते.

“मिळाला का रे?” आजोबांनी विचारलं.

“मिळेल, मिळेल! मी नीट ठेवलाय!” काका म्हणाले.

हे गेले तीन दिवस चाललं होतं, आणि सजावटीच्या गडबडीतही टिकलीचे कान तिकडेच होते. आजोबा निवृत्त पोस्टमन. उभा जन्म जिने चढण्यात गेला, पण छातीची कधी तक्रार नव्हती. मागच्या आठवड्यात खोकला झाला म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तर उजवीकडे वर एक पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अकरा वर्षांपूर्वी बरगडी मोडली होती ना? तेव्हाचा फोटो आणा. डाग त्यातही एवढाच असेल तर तो जुना व्रण आहे, कापाकापीची गरज नाही. तो नसेल, किंवा फोटोच मिळाला नाही, तर मात्र मी वाट बघणार नाही. लगेच ऑपरेशन.”

आज दुपारी चार वाजता शेवटची भेट होती. आणि जुना फोटो काकांनी ‘नीट ठेवला’ होता.

“टिकले, चिकटपट्टी संपली,” भुंग्याने जाहीर केलं.

“बेकरीकाकूंकडून आणते.” टिकली निघाली. एका जागी बसून तो धाडधाड आवाज ऐकण्यापेक्षा ते बरं होतं.

बेकरीकाकूंच्या दारावर कात्रीमावशींची चांदणी होती. अशा दहा चांदण्या मावशींनी केल्या होत्या. जुन्या एक्स-रेंचे तिकोन कापायचे, पाच तिकोन दोऱ्याने गुंफायचे, कडेला चमकी लावायची आणि मागे दिवा सोडायचा. निळसर काळं आभाळ आणि त्यात पांढरे ढग! ढग म्हणजे कुणाचे तरी गुडघे असायचे, पण दिवा लागल्यावर तेवढं लक्षात येत नसे.

टिकलीने घंटीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. आत काकू “आले, आले, आले!” करत धावत होत्या.

चांदणीच्या खालच्या टोकात तीन बरगड्या होत्या. मधलीला गाठ होती, सुतळीला मारतात तशी. ही गाठ टिकलीने काल पाहिली होती. आजोबांचा नवा एक्स-रे तिनेच खिडकीपाशी धरला होता, तेव्हा आजोबा म्हणाले होते, “ती गाठ म्हणजे एका कुत्र्याची आठवण. तो मागे लागला, मी सायकलवरून पडलो. पत्र मात्र पोचवलं.”

“काय झालं गं? आग लागली का?” काकूंनी दार उघडलं.

“काकू, तुमच्या दारावर माझे आजोबा आहेत!”

पाच मिनिटांनी जिन्यात बैठक भरली.

“मुद्दा क्रमांक एक,” वकील म्हणाला. “अशी गाठ दुसऱ्या कुणालाही असू शकते.”

“त्याच बरगडीला? तशीच?”

“मुद्दा क्रमांक दोन. तुझं बरोबर आहे.”

“पण फोटो तर काकाने नीट ठेवलाय ना?” भुंगा म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. जिन्याखाली मावशींचं मोठं खोकं होतं: ‘टाकाऊ द्या, नाताळ घ्या’. आणि महिन्याभरापूर्वी काकांना कपाट आवरण्याचा झटका आला होता.

काका पलंगाखाली पालथे पडून शोधत होते. टिकली पलंगावर बसली. “काका, ते पाकीट पिवळंच होतं ना? निळ्या दोऱ्याचं? आम्हीही शोधतो.”

“पिवळं कुठलं!” पलंगाखालून आवाज आला. “तपकिरी होतं. दोरा नव्हताच. वर धूळ बसली होती म्हणून तर मी ते खोक्यात...”

मग त्यांचं फक्त डोकं बाहेर आलं.

“आजोबांना सांगू नकोस गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, रद्दी आहे. आणि नंतर वाटलं, कदाचित नसेलही टाकलं. म्हणून शोधत होतो.”

“तीन दिवस?”

“शोधताना बरं वाटतं,” काका म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तेव्हा दोन वाजले होते.

कात्रीमावशींनी सगळं ऐकून घेतलं, कात्री खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. कात्री त्यांनी खाली ठेवलेली मुलांनी प्रथमच पाहिली.

“छातीचा मोठा फोटो एकच होता. त्याचे आठ तिकोन केले, चिमूटभरही वाया घालवला नाही! नाव-तारखेचा कोपरा तर माझ्याच खिडकीत आहे. अक्षरं देखणी होती.”

“मावशी, नाव वाचलं नाहीत?”

“मी अक्षरं बघते, वाचत नाही. तीस वर्षांची सवय!”

मावशींनी उरलेले तिकोन मुलांच्या हाती दिले: गुडघे, कोपरं, जबडे. “नुसतं मागितलंत तर आज कुणी चांदणी मोडू देणार नाही. स्पर्धा आहे. बदली द्या.”

मावशींचं बरोबर निघालं. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आजोबांचं नाव निघताच हळहळले, “अरेरे, अरेरे,” म्हणाले, आणि चांदणीपुढे हात पसरून उभे राहिले. “पण सहानंतर या हं.”

“डॉक्टर,” वकील गंभीरपणे म्हणाला, “तुमच्या चांदणीत बरगड्या आहेत. उद्या पेशंट आले तर काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“की यांना दात आणि बरगडी यांतला फरक कळत नाही.”

डॉक्टरांनी जबडा घेतला, दोन बरगड्या दिल्या आणि वर आभारही मानले.

पुढे काम भराभर झालं. बेकरीकाकूंनी गाठीची बरगडी काढून दिली आणि सोबत बिस्किटंही दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याने घरात शिडी उभी करून तिलाच झाड केलं होतं. पायऱ्यांवर चहाच्या बशा आणि प्रत्येक बशीत मेणबत्ती. शेंड्यावर आजोबांचा डावा खांदा होता. “न्या की!” गवंडी म्हणाला. “आणि शेंड्यावर काय ठेवू?” भुंग्याने त्याला कोपर दिलं. “हे खांद्याच्या खालचंच आहे,” त्याने समजावलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी टिकलीच्या खिडकीच्या काचेवर सात तिकोन चिकटले होते. खांदे, बरगड्या, हृदयाची सावली, कोपऱ्यात आजोबांचं नाव आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख. मधे एक तिकोनी भोक होतं आणि त्यातून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते.

टिकलीने नवा एक्स-रे शेजारी धरला. भोक उजवीकडे वर होतं. बरोबर डागाच्या जागी.

“एकच चांदणी राहिली,” भुंगा हळूच म्हणाला. “मुख्य दारावरची. अध्यक्षकाकांची.”

तिघं खाली धावले. मुख्य दारावर नुसता खिळा होता!

“चांदणी?” अध्यक्षकाकांनी आपलं दार चार बोटं उघडलं. “मी उतरवली. इमारतीच्या दारात हाडं बरी दिसत नाहीत. एक्स-रे ब्लीचमध्ये घातला की सगळं काळं-पांढरं निघून जातं, काचेसारखा लख्ख होतो! दोन तिकोन झाले, तिसरा बादलीत आहे.”

टिकली फटीतून ओरडली, “काका, त्यात आमच्या आजोबांच्या फोटोचा तुकडा आहे! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!”

“सहा वाजता बघायला या, बाळ. परीक्षणाआधी कुणी कुणाची सजावट बघायची नाही. नियम आहे.”

“अहो, पण त्यांचं ऑपरेशन...”

“नियम म्हणजे नियम!” दार तीन बोटांवर आलं.

टिकली रडकुंडीला आली. वकिलाने मात्र घसा खाकरला.

“नियम चौथा,” तो म्हणाला. “‘परीक्षणाआधी सजावट बघू नये.’ बरोबर. आता नियम अकरावा. ‘टाकाऊ वस्तू आहे त्या रूपात वापरावी. धुऊन, रंगवून किंवा अन्य प्रकारे तिचं मूळ रूप घालवल्यास सजावट बाद ठरेल.’”

दार तिथेच थांबलं.

“असा नियम आहे?”

“तुमची सही आहे खाली.”

“बाद?”

“पूर्ण इमारतीसमोर. नाव पुकारून.”

यानंतर अध्यक्षकाका ज्या वेगाने धावले, त्या वेगाने ते गेल्या वीस वर्षांत धावले नव्हते. आतून पाणी सांडल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडलं, मग बहुधा तेच पडले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या चिमट्यात एक ओला तिकोन होता. दुसऱ्या हातातले दोन तिकोन लख्ख काचेसारखे झाले होते, पण त्यांत कडेला अजून पुसटशी बोटांची हाडं दिसत होती. कुणाचा तरी हात! छाती नव्हे. आणि या तिसऱ्याचं एक टोक पार पुसलं गेलं होतं.

टिकलीने तो पाण्याखाली धरला आणि मग दिव्यासमोर. दोन बरगड्या. त्यांच्यामध्ये, पुसलेल्या टोकापासून दोन बोटांवर, एक पांढरा ठिपका.

“आहे!” ती ओरडली. “डाग आहे! आजोबांना डाग आहे!”

डाग सापडल्याचा एवढा आनंद त्या जिन्यात आजवर कुणाला झाला नव्हता.

चार वाजता दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उजेडाच्या पेटीवर आठ तुकड्यांचा, चिकटपट्टीने जोडलेला, चमकीच्या कडांचा फोटो लावला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“याला भोकं आहेत,” त्या म्हणाल्या.

“ती दोऱ्याची,” टिकली घाईने म्हणाली. “आजोबांची नाहीत.”

“आणि हे चमकतंय काय?”

“चमकी. तीही आजोबांची नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी घेतली, जुना डाग मोजला, नवा मोजला. पुन्हा जुना मोजला. काका भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. भुंगा श्वास रोखून लाल झाला होता. आजोबा खुर्चीत ताठ बसले होते आणि मांडीवरची टोपी सारखी फिरवत होते.

“अकरा वर्षांपूर्वी बारा मिलिमीटर,” बाई म्हणाल्या. “आज बारा मिलिमीटर. तेव्हा सगळे बरगडीकडे बघत राहिले, याच्याकडे कुणी बघितलंच नाही. आजोबा, हा जुना व्रण आहे, तसूभरही वाढलेला नाही. ऑपरेशन रद्द. सहा महिन्यांनी पुन्हा एक फोटो काढू.” मग त्या मुलांकडे वळल्या. “हा कुणी जुळवला?”

तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

“माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना मी हे दाखवणार आहे. शाबास!”

भुंग्याने श्वास सोडला. तो इतका मोठा होता की टेबलावरचे कागद उडाले.

संध्याकाळी स्पर्धेचं बक्षीस गवंड्याच्या शिडीला मिळालं. शेंड्यावरचं कोपर परीक्षकांना विशेष आवडलं. अध्यक्षकाकांनी भाषण केलं. नियम माणसांचे प्राण कसे वाचवतात हा विषय होता, आणि ‘आपल्या इमारतीची गुणी मुलं’ असं त्यात चारदा आलं. कात्रीमावशींनी तिघांना एकेक कात्री बक्षीस दिली. काका तीन दिवसांत प्रथमच पोटभर जेवले. आपल्या कोटाला बटणं नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं, पण ते काही बोलले नाहीत.

टिकली आजोबांच्या खोलीत गेली तेव्हा ते पलंगावर बसून एक पिशवी उपसत होते. दवाखान्यात न्यायची पिशवी! ती त्यांनी कुणालाही न सांगता कधीच भरून ठेवली होती. टॉवेल, सदरा, दाढीचं सामान. आजोबा एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवत होते. तळाशी तीन पाकिटं निघाली. प्रत्येकावर सुबक अक्षरात पत्ता होता, खोलीच्या क्रमांकासकट. एक टिकलीला, एक भुंग्याला, एक काकांना.

आजोबांनी ती फाडायला घेतली.

“आजोबा, थांबा! माझ्या पत्रात काय आहे?”

“खूप आहे. दोन पानं झाली.” त्यांनी पाकीट उलटसुलट केलं आणि तिला पलंगावर जागा करून दिली. “पण आता टपालाने कशाला? बस इथे. तोंडीच सांगतो.”